आप्पा आणि बोळातला दिवा

आप्पांनी माझ्यावर पहिल्यांदा रिमोट रोखला तेव्हा आमची धड ओळखही झाली नव्हती. पुण्याजवळच्या भरे गावात मी खोली बघायला गेले होते. मी मूळची अकोल्याची. आमच्याकडे माणूस बोलायला लागला की पलीकडच्या गल्लीला ऐकू जातं. पाणी किती वेळ येतं, मोबाईलला रेंज आहे का, गच्चीवर कपडे वाळत घालू देता का, असा माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यानं बंडीच्या खिशातून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला रिमोट काढला, माझ्या तोंडासमोर धरला आणि बटण दाबलं.

"आवाज कमी केलाय," म्हणाले. "आता बोल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपला घालून निघणारच होते, तेवढ्यात आतून एक बाई खुदुखुदु हसली. "पोरी, मनावर घिऊ नगं. माझा बी आवाज कमी करत्यात ह्ये. माझा हुत न्हाई." त्या आक्का, आप्पांच्या मालकीणबाई. त्यांच्या त्या हसण्यावर मी वरच्या दोन खोल्या घेतल्या आणि पुढं तिथंच रमले.

रिमोट टीव्हीच्या डब्याचा होता. लांबलचक, काळा, वरच्या टोकाला लाल बटण. लोकांच्या खिशात चुना-तंबाखूची डबी असते, आप्पांच्या खिशात हा. भाताच्या खाचरात जाताना हा, डेअरीवर दूध घालायला जाताना हा, पौडला जायच्या एसटीतही हाच. एकदा मी त्यांच्याबरोबर होते. मागच्या सीटवर एक गडी मोबाईलवर मोठ्यानं काहीतरी बघत बसलेला. आप्पा सावकाश वळले, रिमोट त्याच्यावर रोखला आणि दाबला. तो बिचारा इतका गडबडला की त्यानं फोनच बंद केला. आप्पा परत पुढं तोंड करून बसले आणि मला म्हणाले, "चालतोय. सेल नवीन हायेत."

शेजारच्या लॉनवर लग्नाचा डीजे वाजला की आप्पा ओट्यावरून त्याच्यावरही रिमोट धरायचे. एक दिवस त्यांनी बटण दाबायला आणि तिकडची वीज जायला एकच गाठ पडली. बास! त्या दिवसापासून त्यांना कोणी समजवायची सोयच उरली नाही. जमिनीचा एक एजंट रस्त्याकडेच्या खाचरासाठी सारखा यायचा. यायचा तोच हात जोडून, कमरेत वाकून, "आप्पा, तुम्ही माझ्या वडिलांच्या जागी." आप्पा त्याला पुरतं बोलू द्यायचे, चहा पाजायचे, मग रिमोट काढून म्हणायचे, "ह्यो च्यानेल नगं." तो हसत हसत जायचा आणि पुढच्या महिन्यात परत यायचा.

पण हे सगळं वरवरचं. रिमोट खिशात असायचं खरं कारण मला कळलं ते एका संध्याकाळी ताकाचं भांडं परत द्यायला खाली गेले तेव्हा. आक्कांची नजर साखरेनं खाल्लेली. माणूस दिसत नसे, उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. मधल्या खोलीत मालिका लागलेली. जाहिरात आली की आप्पा आवाज बंद करायचे, मालिका सुरू झाली की चालू करायचे, आणि पडद्यावर काय चाललंय ते आक्कांना सांगायचे. सांगायचे म्हणजे काय! पडद्यावर सासू गपचूप चहा पीत होती आणि आप्पा सांगत होते, "आली बघ भवानी. त्वांड बघ, आंबलेल्या भोपळ्यावानी. सुनंचं मंगळसूत्र पदरात लपिवलंय."

"हाय का गं तसं?" आक्कांनी मला विचारलं.

आता मी काय सांगणार? आप्पांनी डोळे वटारून माझ्यावर रिमोट रोखलेला. "हो आक्का, लपवलंय," मी म्हटलं. त्या घरातली मालिका जगात दुसरीकडे कुठंही लागत नव्हती, आणि खरं सांगते, मूळच्या मालिकेपेक्षा ती शंभरपट चांगली होती.

मग आक्का पडल्या. मधली खोली आणि मोरी यांच्यामध्ये एक लांबट बोळ होता. तिथं बटण चाचपडताना पाय मुरगळला आणि मनगटाला प्लॅस्टर बसलं. त्यांचा मुलगा पुण्यात बाणेरला फ्लॅटमध्ये राहायचा. आम्ही त्याला दादा म्हणायचो. चांगल्या पगाराचा, चांगल्या मनाचा आणि सतत घाईत. त्यानं एका कंपनीला सांगून घरात आपोआप लागणारे दिवे बसवून घेतले. बोळाच्या छताला एक पांढरी वाटी आली. तिच्या खालून माणूस गेला की दिवा लागायचा, माणूस गेल्यावर थोड्या वेळानं आपला आपण जायचा. आईनं आता बटण शोधायला नको, हा त्यातला हिशेब.

आप्पांनी पहिल्या दिवशी बोळातून दोनदा जाऊन परीक्षा घेतली. "बोलिवल्याबगार येतोय. आगाव हाय," म्हणाले, पण त्यांना तो आवडला होता. कारण आप्पांचं एक होतं. दिवेलागणीला दिवा लागला की हात जोडायचे. देवाजवळची समई असो नाहीतर ओट्यावरचा बल्ब असो. पाहुण्याला म्हणावं तसं दिव्याला "या" म्हणायचे, डोळे मिटायचे, जोडलेले हात कपाळापर्यंत न्यायचे. पूर्वी हे संध्याकाळी एकदा व्हायचं. आता दिवा येता-जाता लागायला लागला, तर आप्पा येता-जाता हात जोडायला लागले. पाणी प्यायला गेले, या. मोरीत गेले, या. आक्का बोळात शिरल्या आणि आप्पा दाराशी असले, तर त्यांच्या डोक्यावर लागलेल्या दिव्यालाही या.

"आप्पा, किती वेळा नमस्कार करता?" मी विचारलं.

"पावना इतक्यांदा येतोय, मंग आपुन का कट्टाळायचं?"

दिवा दिवसा नीट चालायचा, पण संध्याकाळी नखरे करायचा. आक्का बोळात अर्ध्यावर असायच्या आणि दिवा जायचा. गेला की मग कितीही हात हलवा, बराच वेळ लागायचाच नाही. आप्पा डोळे उघडायचे तोवर अंधार. त्यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. "त्येची येळ झाली, त्यो गेला. कामाचा मानूस हाय, उगं बसून ऱ्हात न्हाई," असं म्हणून ते गोठ्याकडे निघून जायचे.

दादानं कंपनीकडे तक्रार केली. कंपनीचा माणूस आला तो भर दुपारी. दिवा शहाण्यासारखा लागला, शहाण्यासारखा गेला. तो म्हणाला, पाल फिरत असेल. आप्पांनी झाडूनं बोळातली एकुलती एक पाल अंगणात नेऊन सोडली. दिवा तरीही जायचा. पुढच्या खेपेला त्यानं वाटीच बदलली. दिवा तरीही जायचा. त्याच्या पुढच्या खेपेला तो म्हणाला, संध्याकाळी गावात व्होल्टेज कमी होतं. तो येऊन गेला की आप्पा त्याच्या गाडीच्या धुरळ्यावर रिमोट धरायचे.

आणि एका शुक्रवारी दादा न सांगता आला. नुकती संध्याकाळ झालेली. आप्पा गोठ्यात धार काढत होते. दादा आत गेला, बोळात काळोख, आणि त्या काळोखात त्याची आई जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली.

त्यानं जी हाक मारली ती मी वर ऐकली आणि जिना उतरत खाली धावले. आक्का म्हणत होत्या, "आरं, काय न्हाई झालं, बसलीया मी." पण ऐकतो कोण? आप्पा दुधाची चरवी घेऊन आले. दादा त्यांच्यावर तुटून पडला. "आप्पा, एवढा खर्च करून दिवे बसवले, तरी आई अंधारात पडते आणि तुम्हाला पत्ता नाही! बास झालं. पुढच्या रविवारी मी तिला बाणेरला नेतो. तुम्हीही चला."

"मी त्या डब्यात न्हाई येत. तितं खिडकीतनं रिमोट तरी कुनावर धरायचा?"

एरवी हसण्यावारी गेलं असतं. त्या दिवशी दादाचा चेहरा पार उतरला. "मग बसा इथं एकटे. आई येणार."

तो गेला आणि घरावर जे सावट आलं ते मला वरच्या मजल्यावर सुद्धा पेलवेना. आप्पांनी रिमोट कुणावर रोखला नाही. एजंट आला तर त्याला चहा देऊन गप्प बसले. मालिकेच्या वेळी आवाज यायचा तो फक्त टीव्हीचा. मधूनमधून आक्का विचारायच्या, "आता काय करती ती?" आणि आप्पा म्हणायचे, "चहा पेती." खरोखरच ती चहा पीत असायची. त्या म्हाताऱ्याला इतकं खरं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

चार दिवसांनी ते जिना चढून वर आले. गुडघ्यांमुळे ते कधी वर येत नसत.

"तू कंपनीत मशिनीच्या चुका काढती म्हनं?"

"मशीनच्या नाही आप्पा, सॉफ्टवेअरच्या. टेस्टिंग म्हणतात."

"चूक ती चूक. त्या दिव्याची काढ." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "तिला तितं कोन सांगनार गं पोरी, त्या भवानीनं काय केलं त्ये?"

मी नाही कसं म्हणणार? टेस्टिंगमध्ये पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की बिघाड कधी होत नाही तेही बघायचं. दुपारी होत नाही. मी एकटी खाली असले की होत नाही. आक्का एकट्या बोळात गेल्या आणि आप्पा खाचरात असले, तरी होत नाही. पंखे बंद करून पाहिले, फ्रिज बंद करून पाहिला, खिडकीला चादर लावली. मग संध्याकाळी जिन्याच्या खालच्या पायरीवर तळ ठोकला. तिथून बोळ सरळ दिसायचा.

आक्का मोरीकडे निघाल्या. दिवा लागला. मधल्या खोलीच्या दारात आप्पा आले. खिशातून नव्हे, हातातच रिमोट, कारण जाहिरात चालू होती. "या," म्हणाले. डोळे मिटले. हात जोडले, आणि अगं बाई! जोडलेल्या दोन तळव्यांच्या मध्ये रिमोट. बोटांच्या वर त्याचं टोक सरळ छताकडे, त्या पांढऱ्या वाटीकडे. हात कपाळाला लागले, तळवे भक्तीनं घट्ट दाबले गेले, आणि दिवा गेला.

रोज माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं! नमस्कार करणाऱ्याच्या हातात काय आहे ते कोण बघतं? मी वर पळत जाऊन मोबाईल आणला. "आप्पा, इकडे या. रिमोटकडे बघत लाल बटण दाबा. काय दिसतं?"

"काय न्हाई."

"आता मोबाईलमधून बघा."

मी कॅमेरा रिमोटच्या टोकासमोर धरला. पडद्यावर जांभळट ठिणगी लुकलुकली. आप्पांनी बोट काढलं, ठिणगी गेली. पुन्हा दाबलं, पुन्हा आली. मी त्यांना सांगितलं की रिमोट उजेडानंच बोलतो, फक्त तो उजेड माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. छतावरच्या वाटीलाही तसलाच एक डोळा आहे. कंपनीच्या माणसाकडे ती जुळवायला एक छोटा रिमोट असतो, त्याच्यासाठी तो डोळा. आणि तुमच्या लाल बटणाची खूण नेमकी त्या रिमोटच्या 'बंद'सारखी निघाली. तुम्ही हात जोडता, वाटीला वाटतं मालकानं झोपायला सांगितलं.

मला वाटलं होतं, म्हातारा खूश होईल. बिघाड सापडला की आमच्या ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवतात. आप्पा बोळाकडे बघत उभे राहिले.

"डोळ्याला न दिसनारा उजीड," ते म्हणाले. "तिला समदाच तसा." आणि मग अगदी हळू, "म्हंजी मीच तिला अंधारात ठिवत हुतो."

"आप्पा, तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"ठावं नसलं म्हून काय झालं? शेजारच्याची जनावरं आपल्या खाचरात शिरली तर आपुन म्हंतो का, त्यांना ठावं नव्हतं?"

मी स्टुलावर चढून वाटीच्या त्या डोळ्यावर काळी चिकटपट्टी लावली. कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, हो ताई, असं होतं कधीकधी, पट्टी राहू द्या, तिची दिव्याला अडचण नाही. आप्पांना मी दहादा रिमोट दाबायला लावला. दिवा ढिम्म हलला नाही. म्हटलं, झालं! आता दादाला फोन करते. आप्पांनी माझा हात धरला. "त्यो रईवारी येतोय. म्याच सांगीन." त्या संध्याकाळी आणि त्यानंतरही त्यांनी हात जोडले नाहीत. दिवा लागायचा आणि ते मान खाली घालून त्याच्याखालून जायचे.

रविवारी दादा आला तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. आक्कांची पिशवी त्यानं स्वतः भरली. औषधं, शाल, लुगडी. आक्का ओट्यावर बसलेल्या. मी दादाला म्हणाले, "दिवा दुरुस्त झालाय, आता नेण्याचं कारण काय?" तो आप्पांकडे वळला. मला वाटलं, आता आप्पा सांगतील की दिवा बरा झाला, राहू दे तिला. एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

आप्पा बोलले ते भलतंच. "दिवा चांगलाच हुता. मीच घालवत हुतो. हात जोडायचो, ह्यो रिमोट हातातच, आन् दिवा जायाचा. त्या दिशी तुझी आई काळुखात बसली हुती ती माझ्यापायी. म्या नमस्कार केला आन् गोठ्यात गेलो, मागं वळून बी बघिटलं न्हाई. ने तिला. माझ्या हाताचा आता मलाच भरवसा न्हाई."

आप्पांना वेड लागलंय का, असं मला ओरडावंसं वाटलं. दादाही गोंधळला. पिशवी हातात घेऊन नुसता उभा राहिला. आणि मग आक्का हसल्या. पहिल्या दिवशी हसल्या होत्या तशाच, खुदुखुदु.

"मला ठावं हुतं."

"काय ठावं हुतं?" आप्पा.

"तुमी 'या' म्हनायचा आन् लगीच काळुख व्हायचा. मला त्या रिमोटाचं काय कळतंय? पर उजीड गेला त्यो तुमच्या 'या'नं गेला, एवढं आंधळीला बी कळतं की वो."

"आई!" दादा जवळजवळ किंचाळला. "मग बोलली का नाहीस? पडली असतीस ना!"

"का पडंन? दिवा गेला की म्या खाली बसायची. त्यो परत लागस्तोवर भिंतीला टेकून गप बसायचं. त्या दिशी तू आलास, म्हनालास आई पडली. म्या म्हनलं बसलीया, तर ऐकतोय कोन!" मग त्यांनी मान आप्पांच्या आवाजाच्या दिशेनं वळवली. "आन् बोलून काय करू? बोलले आसते तर ह्यांनी हात जोडायचं सोडलं आसतं. जलमात ह्यो मानूस कुनाफुडं वाकला न्हाई, भावकीफुडं न्हाई, सोयऱ्यांफुडं न्हाई. माझ्या बाफुडं सुदिक नुसती मान हालिवली हुती. योक दिवा तेवढा हुता. त्यो बी मीच तोडू?"

दादानं पिशवी खाली ठेवली. मग परत उचलली आणि घरात नेऊन ठेवली. तो बोळातून गेला तसा दिवा लागला. बाहेरही अंधारून आलं होतं, आणि तो उजेड दारातून ओट्यापर्यंत आला.

"लागला न्हवं?" आक्का म्हणाल्या. त्यांना उजेड तेवढा कळायचा. "मंग जोडा की हात. त्यो रिमोट हिकडं द्या माझ्याकडं."

आप्पांनी खिशातून रिमोट काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. आक्कांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. आप्पा उभे राहिले, डोळे मिटले, मोकळे हात जोडले आणि कपाळापर्यंत नेले. पण दिवा त्यांच्या पाठीमागे होता. ते आक्कांकडे तोंड करून उभे होते, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. आक्कांना ते दिसणं शक्यच नव्हतं.

"जोडलं का?" त्यांनी विचारलं.

"जोडलं," आप्पा म्हणाले.